मानवी हक्कांचे कौटुंबिक जिगसॉ पझल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. तो तयार करणाऱ्या आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट होत्या आणि त्यात भारताचे प्रतिनिधित्व हंसा मेहता यांनी केले होते. या जाहीरनाम्यातील ३० कलमांची ३० चित्रे एकाच पटावर मांडून आम्ही हे पझल तयार केले आहे.

पझलचे तुकडे तीन आकारांचे असून डावीकडे मोठे, मध्यभागी मध्यम आणि उजवीकडे लहान तुकडे येतात. त्यामुळे पाच-सहा वर्षांचे मूल आणि त्याचे आजी-आजोबा आपापल्या बाजूने एकच पट जुळवू शकतात. कलमांचा मूळ क्रम आम्ही याच कारणासाठी मोडला. शिक्षणाच्या हक्काचे २६ वे आणि विश्रांती व फुरसतीच्या हक्काचे २४ वे कलम (पझल जुळवत बसणे यातच मोडते) मोठ्या तुकड्यांत आहे. गुलामगिरीला मनाई करणारे ४ थे, छळाला मनाई करणारे ५ वे आणि परदेशात आश्रय मागण्याविषयीचे १४ वे कलम मोठी माणसे बसतील त्या बाजूला ठेवले आहे. ही चित्रे सौम्य आहेत, तरी मुले प्रश्न विचारतील आणि त्यांनी ते विचारावेत, असेच आम्हाला वाटते. निष्पक्ष सुनावणीच्या १० व्या कलमाचे चित्र जुळवायला सर्वांत अवघड आहे, कारण न्यायालयाच्या त्या दृश्यात तपकिरी रंगच फार आहे. तो भाग शेवटी घ्यावा.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात कलमाचा क्रमांक आहे आणि सोबतच्या तक्त्यात त्याचा आशय सोप्या मराठीत दिला आहे. हा जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे, हे मुलांना जरूर सांगावे. आपल्या देशात मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते, ती राज्यघटनेच्या ३२ व्या अनुच्छेदामुळे.

लहान तुकडे तोंडात जाण्याचा धोका असल्याने तीन वर्षांखालील मुलांच्या हाती पझल देऊ नये. तुकडे पुठ्ठ्याचे असल्याने पावसाळ्यात ओल धरतात आणि फुगले की नीट बसत नाहीत. म्हणून ते पिशवीत बंद करून कोरड्या कपाटात ठेवावेत.

एखादा तुकडा हरवल्यास रिकाम्या जागेचे छायाचित्र आणि खोक्याच्या तळाशी छापलेला क्रमांक आमच्याकडे पाठवावा. सर्व प्रती एकाच साच्यावर कापलेल्या असल्याने बदली तुकडा त्या जागी बसतो, मात्र छपाईतील किंचित फरकामुळे त्यावरील चित्राची रेघ केसभर सरकलेली दिसू शकते.