कपाटाची किल्ली कपाटात : लिनक्स कर्नलची कॉन्फिग फाइल सांभाळताना

पहिल्यांदा स्वतः लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कंपाइल केला (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवला) त्या रात्री लॅपटॉपचा पंखा किती तरी वेळ घोंघावत होता. शेवटी मशीन रीस्टार्ट केलं. काळ्या पडद्यावर अक्षरं धावत आली आणि एका ओळीवर थांबली : 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग : व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस'. डिस्क धडधाकट होती, तिच्यावरचा डेटाही जागेवर होता. पण कर्नलला ती वाचताच येत नव्हती. माझी डिस्क ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीची. ती वाचणारा कोड मी कर्नलच्या पोटात न ठेवता वेगळं 'मॉड्यूल' म्हणून बनवला होता, आणि ते मॉड्यूल त्याच डिस्कवर जाऊन बसलं होतं. किल्ली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घालावं, तसं झालं. बूट होताना आधी मेमरीत उतरणारी इनिटरॅमएफएस नावाची छोटी फाइल सिस्टिम असती, तर मॉड्यूल तिथून मिळालं असतं. मी तीही बनवली नव्हती. 'वाय'च्या जागी 'एम' पडलं, एवढीच चूक.

हे अक्षर ज्या फाइलीत असतं तिचं नाव 'डॉट कॉन्फिग'. लिनक्सचा सोर्स कोड एकच, पण तो मोबाइलमध्ये चालतो, घरच्या वायफाय राउटरमध्ये चालतो आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतल्या प्रत्येक यंत्रावरही चालतो. २०१७ पासून त्या यादीत दुसरी कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम नाही. राउटरला ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नको असतो आणि महासंगणकाला टचस्क्रीन नको असते. कुणाला काय हवं, ते डॉट कॉन्फिग सांगते. 'वाय' म्हणजे कर्नलमध्येच घाला, 'एम' म्हणजे मॉड्यूल करून बाजूला ठेवा, लागेल तेव्हा चढवू. आणि काही गोष्टींना सरळ 'नको'.

असे पर्याय आज पंधरा हजारांहून जास्त आहेत. त्यातले फक्त ३०० हो-नाहीचे आणि एकमेकांपासून स्वतंत्र धरले, तरी त्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या होतात २ चा ३०० वा घात, म्हणजे एकावर नव्वद शून्यांहून मोठी संख्या. दृश्य विश्वातले अणू एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास मानले जातात. म्हणजे सगळ्या जुळण्या तपासून पाहणं कुणालाही कधीच जमणार नाही. त्यासाठी नियम लागतात, आणि ते २००२ साली आलेल्या 'के-कॉन्फिग' या छोट्या भाषेत लिहिलेले असतात. 'डिपेंड्स ऑन' म्हणजे अमुक चालू असेल तरच तमुक विचारा. 'सिलेक्ट' म्हणजे हे घेतलंत की तेही आलंच. या 'सिलेक्ट'पासून मी जरा जपूनच असतो, कारण ज्याला ते ओढून आणतं त्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्यात की नाही, हे ते बघत नाही.

आता फाइल उघडून बघू. हजारो ओळींमध्ये अशी ओळ वारंवार भेटते : '# कॉन्फिग_अमुक इज नॉट सेट'. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला वाटतं, सुरुवातीला हॅश आहे, म्हणजे ही टिप्पणी. काढली तरी काय बिघडणार? पण इथे ती ओळ जिवंत आहे. के-कॉन्फिग ती वाचतं आणि समजतं की, हा प्रश्न विचारून झालाय, उत्तर 'नको' आहे. ती पुसलीत तर तुमचा नकारच पुसला जातो. पुढच्या वेळी 'मेक ओल्डकॉन्फिग' ही जुनी फाइल नव्या आवृत्तीला जुळवणारी आज्ञा चालवली की तोच प्रश्न नव्याने समोर येतो. आणि घाईत 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' चालवलंत, तर न विचारताच मूळ ठरलेलं उत्तर भरलं जातं, आणि ते 'वाय'ही असू शकतं. 'नको म्हटलं होतं' आणि 'कधी विचारलंच नव्हतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती ओळ जपते.

दुसरा फटका बसतो फाइल हाताने बदलली की. तुम्ही एका पर्यायापुढे 'वाय' लिहून सेव्ह करता. पण तो ज्याच्यावर अवलंबून आहे ते बंद असेल, तर पुढच्या वेळी कर्नल बनवायची 'मेक' ही आज्ञा दिली की ती ओळ गुपचूप नाहीशी होते. शेजारी लिहिलेलं कारणही जातं, कारण ही फाइल साधन दर वेळी नव्याने लिहून काढतं. माझ्या मते सांभाळणीचा खरा प्रश्न हाच आहे. डॉट कॉन्फिगमध्ये आपण विचार करून ठरवलेल्या पाच-पंचवीस गोष्टी आणि आपोआप आलेल्या हजारो गोष्टी एकाच रांगेत, एकाच चेहऱ्याने उभ्या असतात. सहा महिन्यांनी त्यातलं आपलं कुठलं, ते आपल्यालाही ओळखू येत नाही. त्यात २०१८ पासून के-कॉन्फिग कंपायलरची (कोड कंपाइल करणाऱ्या प्रोग्रॅमची) आवृत्तीही तपासून फाइलीत नोंदवतं. म्हणजे तुमचे निर्णय तेच असले, तरी दुसऱ्या मशीनवर फाइल वेगळी निघू शकते.

२०१० साली हे दुखणं खुद्द लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये उफाळून आलं. मोबाइलसारख्या छोट्या यंत्रांत असणाऱ्या एआरएम प्रोसेसरच्या एकेका बोर्डाची अख्खी कॉन्फिग फाइल तिथे साठवलेली होती. दर आवृत्तीला या फाइलींमधल्या बदलांचा इतका पूर यायचा की खरे बदल त्यात बुडून जायचे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स वैतागले; या फाइली काढूनच टाकाव्यात, अशी भाषा त्यांनी केली. त्यावर कर्नलवर काम करणारे उवे क्लाइने-क्योनिग यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांची स्क्रिप्ट फाइलीतली एकेक ओळ काढून बघायची. तिच्याशिवायही अंतिम कॉन्फिग तशीच तयार होत असेल, तर ती ओळ अनावश्यक. असं करत जवळजवळ दोन लाख ओळी गेल्या आणि एकाही बोर्डाचं काही अडलं नाही. पुढे हेच काम 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' या आज्ञेत आलं : मूळ उत्तरांपेक्षा जे वेगळं, तेवढंच लिहून ठेवायचं.

फेडोरा या लिनक्स वितरणाने आणखी बारीक विभागणी केली आहे. तिथे प्रत्येक पर्यायाची स्वतंत्र छोटी फाइल असते, त्यामुळे कोणता निर्णय कधी आणि कशासाठी बदलला, हे गिटच्या (फाइलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इतिहासात त्या एका फाइलीपुरतं शोधता येतं. एकट्याने काम करणाऱ्याला एवढा पसारा लागत नाही. त्याला कॉन्फिगचे मोजके तुकडे, म्हणजे आपल्या निर्णयांच्या छोट्या फाइली, पुरतात : एक तुकडा हार्डवेअरचा, एक सुरक्षेचा, एक डीबगिंगचा. सोर्स कोडसोबतच येणारी 'मर्ज_कॉन्फिग' ही स्क्रिप्ट ते एकत्र करते. मागितलेला पर्याय अंतिम फाइलीत उतरला नसेल तर ती तसं सांगते, आणि वर म्हटलेली गुपचूप नाहीशी होणारी ओळ इथे पकडली जाते. तो इशारा टर्मिनलवर वर सरकून जाऊ देऊ नका, शेवटपर्यंत वाचा.

माझं आजचं काम असं चालतं. डॉट कॉन्फिग गिटमध्ये ठेवत नाही, तुकडे ठेवतो. या तुकड्यांना साधन हात लावत नाही, म्हणून त्यातल्या टिप्पण्या टिकतात. नवी आवृत्ती आली की आधी 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' चालवून नवे प्रश्न कोणते ते वाचतो. मग तुकडे मिसळतो आणि 'डिफकॉन्फिग'ने जुन्या-नव्यातला फरक बघतो. हार्डवेअरच्या तुकड्यातली पहिली ओळ ईएक्सटी४ची आहे. तिच्यापुढे 'वाय' आहे आणि वर एक टिप्पणी : 'रूट डिस्क हीच. एम करू नये.'