मिशनरी कुटुंबाचं परदेशातलं बिऱ्हाड

ख्रिस्ती मिशनरी म्हटलं की आपल्याकडे लांब झग्यातला एकटा पाद्री डोळ्यासमोर येतो. ते कॅथलिक फादरांच्या बाबतीत खरं आहे कारण ते लग्न करत नाहीत, पण प्रोटेस्टंट मिशनरी बहुतेक वेळा बायकोमुलांसकट येतो, म्हणजे एक माणूस नाही तर सगळं घरच उठून दुसऱ्या देशात जातं. निघायच्या आधीची तयारी, पोचल्यावरची भाषा आणि घर, मुलांची शाळा, मग मायदेशी परत जाणं हे सगळं या विषयात येतं. इतिहासात मिशनऱ्याचं नाव राहतं आणि घराचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही, म्हणून ही नोंद घराच्या बाजूने.

सुरुवात होते ‘पाचारण’ या शब्दापासून, म्हणजे देव आपल्याला या कामासाठी बोलावतोय अशी खात्री. पण नुसत्या खात्रीवर कोणी पाठवत नाही, आपल्या मंडळीची (म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांची) शिफारस लागते, डॉक्टरची तपासणी होते, बायबलचं शिक्षण बघतात, आणि आता तर मानसिक तपासणीही होते, नवरा-बायको दोघांची. पैशाचे ढोबळ दोन मार्ग, एक म्हणजे पाठवणारी संस्था, म्हणजे मिशन, पगार देतं, दुसरा म्हणजे कुटुंबानेच मंडळ्यांमधून फिरून महिन्याला देणगी देणारे लोक जमवायचे, यात वर्षदीडवर्ष सहज जातं आणि निघायच्या आधीच माणसं थकतात. शिवाय लसी, मृत्युपत्र, घर विकायचं की भाड्याने द्यायचं, म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण बघणार. मुलांना नीट निरोप घेऊ देणं हा तयारीचाच भाग आहे हे हल्ली मानतात, कोणाशी भांडण असेल तर ते मिटवून निघायचं, आवडत्या जागा पुन्हा एकदा बघून घ्यायच्या.

जुन्या काळी तर हे फार अवघड होतं. सुएझचा कालवा १८६९ साली उघडला, त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून यायला महिनेच्या महिने लागायचे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेहून निघाले, नॉटची बायको रोक्साना बरोबर होती, कलकत्त्याला पोचले तर ईस्ट इंडिया कंपनीने निघून जा म्हणून सांगितलं, शेवटी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबई गाठली, म्हणजे निघाल्यापासून बिऱ्हाड मांडेपर्यंत वर्ष गेलं. नॉट नवरा-बायको तब्येतीपायी १८१५ मध्ये परत गेले. हॉल १८२६ साली नाशिक भागात पटकीने गेला, तेव्हा त्याची बायको-मुलं इथे नव्हती, अमेरिकेला गेली होती.

पोचल्यावर पहिली एक-दोन वर्षं मुख्य काम एकच, भाषा. शिकवणाऱ्याला पंडित म्हणायचे. जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे स्कॉटिश मिशनरी जोडपं, ते १८२९ मध्ये मुंबईला उतरले आणि आधी कोकणात हर्णैला जाऊन मराठी शिकले, मार्गारेटने पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये ती तिथेच वारली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ ला आला, गणपतराव नवलकरांचं इंग्रजीतून लिहिलेलं मराठी व्याकरण १८६८ ला. ळ आणि ण जिभेवर बसवणं, चाकातला च वेगळा आणि चारमधला च वेगळा, हे तर झालंच, पण खरी अडचण ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, आणि प्रार्थनेत ‘आपण पापी आहोत’ म्हटलं तर ज्याच्याशी बोलतोय तो देवही त्यात आला! म्हणून देवाशी बोलताना ‘आम्ही’ आणि उपदेश करताना ‘आपण’, हे ज्याला जमलं त्याला मराठी कळायला लागली असं मी म्हणेन.

भाषेच्या तयारीत पुण्याचा वाटा मोठा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या सिस्टर्स, म्हणजे जोगिणी, १८७७ मध्ये पुण्यात आल्या (त्या कुटुंबवाल्या नव्हत्या, तरी इथे त्यांचा उल्लेख हवाच), त्यांच्या ओळखीने पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मुलीला, मनोरमेला घेऊन वाँटेजला गेल्या, आणि राहण्याजेवणाच्या बदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायच्या असं ठरलं. म्हणजे इथे यायची तयारी तिकडे बसून करून घेणारी बाई मराठीच होती, आणि त्याच वेळी ती स्वतः लहान मुलीला घेऊन परक्या देशात बिऱ्हाड मांडत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंचा तिथे बाप्तिस्मा झाला, पण शाकाहार त्यांनी सोडला नाही. पुढे दौंड तालुक्यात केडगावला त्यांनी निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभं केलं, तेव्हा परदेशातून कामाला आलेल्या बायका त्यांच्या हाताखाली राहिल्या. मिशनरी गोरा आणि शिकणारे आपण, हे चित्र इथे उलटं होतं.

घर म्हणजे मिशन कंपाउंडातला बंगला. मिशनरी शाळा-चर्च-गावं करत फिरायचा, मडमेचा दिवस घर, आजारी मुलं आणि बऱ्याचदा मुलींची शाळा यात जायचा, आणि तिच्या या कामाला वेगळा पगार सहसा नसायचा. मुलं आयेजवळ वाढायची म्हणून त्यांना मराठी आईबापांपेक्षा आधी आणि सफाईदार यायची. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पाऊस सुरू व्हायच्या आत खाली.

सगळ्यात दुखरी जागा म्हणजे मुलांची शाळा. आधी पोरं मायदेशी नातेवाइकांकडे पाठवायचे आणि वर्षानुवर्षं भेट नाही. मग डोंगरातल्या बोर्डिंग शाळा आल्या, मसुरीचं वुडस्टॉक १८५४ मध्ये सुरू झालं, कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये. पुण्याच्या बाजूने कोडाईला जायचं म्हणजे सुद्धा रेल्वेचा लांब प्रवास, सहा-सात वर्षांचं पोर ट्रंक घेऊन जायचं. पाच-सात वर्षांनी सगळ्यांना मायदेशी लांब रजा मिळायची आणि तिथे गेल्यावर मुलांना कळायचं की हे आपलं गावच नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड’ नाव दिलं, आईबापांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या मधे अशा मुलांची आपापसातली तिसरी. ‘तुझं गाव कुठलं?’ हा आपला सगळ्यात साधा प्रश्न, त्यांना तो सगळ्यात अवघड जातो.

आता परदेशी मिशनरी कुटुंबं इथे फार कमी दिसतात, मिशनरी व्हिसा वेगळा असतो आणि त्यावर धर्मांतर करायला परवानगी नाही. उलट आता भारतातल्याच मंडळ्या माणसं पाठवतात, मिझोरामच्या तर भारतभर. बिबवेवाडीतलं युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं विद्यालय, १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आलं, तिथे ईशान्य भारतातलेही विद्यार्थी शिकतात. ऐझॉलहून पुण्याला यायला पासपोर्ट लागत नाही, पण भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि मुलाला शाळेत घातलं की तिसऱ्या दिवशी तो घरी येऊन विचारतो, आई, ‘डबा’ म्हणजे काय?