गेन आणि व्हॉल्यूम: आवाज दोन्हींनी वाढतो, मग फरक काय?

हेडफोन अ‍ॅम्पच्या पुढे किंवा मागे गेनचा एक बारीक खटका असतो. त्यावर लो आणि हाय लिहिलेलं असतं, कधी मध्ये मिडही असतं. हायवर टाकलं की आवाज वाढतो. शेजारचा व्हॉल्यूमचा मोठा नॉब फिरवला तरी आवाज वाढतोच. मग बहुतेक जण ‘आपले हेडफोन जड आहेत, म्हणजे चालवायला अवघड’ म्हणून खटका कायमचा हायवर ठेवतात आणि पुढचं सगळं नॉबवर सोडतात. बरेचदा ते निभावून जातं. जिथे निभावत नाही तिथे मात्र आवाज फाटतो, सळसळ ऐकू येते किंवा एका कानात कमी आणि दुसऱ्यात जास्त वाजतं, आणि खापर हेडफोनवर फुटतं.

आधी हिशोब पाहू. सोर्समधून (फोन, सीडी प्लेयर अशा गाणं पाठवणाऱ्या उपकरणातून) येणारे व्होल्ट, गुणिले गेन, गुणिले नॉब जेवढा भाग पुढे जाऊ देतो तो. या गुणाकारातून जे येईल ते हेडफोनला मिळतं. गेन ही ठरावीक पट असते: 1 पट, 2.5 पट, 6.5 पट अशी. नॉब मात्र नेहमीच्या अ‍ॅम्पमध्ये काहीच वाढवत नाही, तो फक्त कापतो. पूर्ण उजवीकडे नेला म्हणजे काही कापलं जात नाही, एवढंच. नॉबने आवाज वाढवला असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात आपण काप कमी केलेली असते.

याचा एक परिणाम लगेच लक्षात यायला हवा. नॉब घड्याळातल्या नऊच्या जागी असतानाच कान भरून आवाज येतो, म्हणजे अ‍ॅम्प दमदार, असा समज सर्रास दिसतो. त्यात तथ्य नाही. अ‍ॅम्प जास्तीत जास्त किती व्होल्ट आणि किती करंट देऊ शकतो हे त्याचा पॉवर सप्लाय आणि आउटपुटचं सर्किट ठरवतं. गेन वाढवल्याने ती मर्यादा जराही वर सरकत नाही. आपण फक्त नॉबच्या कमी फिरण्यात तिथवर पोहोचतो. गेन म्हणजे ताकद नव्हे, हे एकदा पटलं की निम्मा गोंधळ संपतो.

आता आकडे घालून बघू. 300 ओहम इम्पिडन्सचा (म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचा), 1 मिलिवॅटला 100 डेसिबल देणारा हेडफोन घ्या. गाण्यातली सर्वांत जोरकस ठोक 110 डेसिबलला पोहोचायला हवी असं धरू. हे बऱ्यापैकी मोठं माप आहे, रोज एवढं ऐकू नये. त्यासाठी 10 मिलिवॅट लागतात आणि 300 ओहमवर त्याचे होतात सुमारे 1.73 व्होल्ट. साधा टेबलावरचा डॅक (डिजिटल फाइलचा विजेचा सिग्नल करणारं उपकरण) किंवा सीडी प्लेयर पूर्ण पातळीला 2 व्होल्ट देतो. म्हणजे या ‘जड’ हेडफोनला गेन लागतो 1 पट, किंबहुना त्याहूनही कमी. हायचा खटका इथे नुसता शोभेचा.

हाच हेडफोन 0.5 व्होल्ट देणाऱ्या फोनच्या जॅकमधून अ‍ॅम्पला जोडून वाजवला, तर तेवढ्याच आवाजासाठी साधारण साडेतीन पट गेन हवा. हेडफोन तोच, कान तेच, गाणंही तेच. बदलला फक्त सोर्स. म्हणून माझा आग्रह असा की खटका कुठे ठेवायचा हे ठरवताना आधी सोर्सकडे बघावं, हेडफोनकडे नंतर. हाय गेन मुख्यतः दुबळ्या सोर्ससाठी असतो.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे हायफायमॅन कंपनीचा एचई-6 हा हेडफोन. हा चालवायला फार अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. 50 ओहम आणि 1 मिलिवॅटला फक्त 83.5 डेसिबल. 110 डेसिबलसाठी त्याला जवळपास 450 मिलिवॅट लागतात. पण व्होल्टमध्ये मोजलं तर ते 4.7 च्या आसपास भरतात, म्हणजे 2 व्होल्टच्या डॅकमागे 2.4 पट गेन पुरतो! त्याला खरी गरज असते ती 95 मिलिअँपियर करंटची, आणि तो करंट गेनच्या खटक्यातून येत नाही. लहानशा अ‍ॅम्पवर हा हेडफोन हाय गेनला टाकून ‘आता मोकळा वाजला’ असं कुणी सांगितलं, तर बहुधा आवाज थोडा वाढला होता एवढंच खरं. दोन पातळ्यांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी कान मोठ्या आवाजालाच चांगला म्हणतो. लो आणि हायची तुलना करायचीच असेल तर दोन्ही वेळा आउटपुट मीटरने मोजून सारखं करावं, मग बोलावं.

गेन जास्त झाल्याने बिघडतं काय? हे गेनची पायरी, म्हणजे सर्किटमधला सिग्नल वाढवणारा भाग, नॉबच्या आधी आहे की नंतर, यावर ठरतं.

पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये सिग्नल आधी नॉबकडे जातो, तिथे कापला जातो आणि मग गेनच्या पायरीतून वाढतो. इथे सोर्स जोरकस असला तरी आवाज फाटण्याची भीती कमी, कारण नॉब खाली असेल तर पुढे जाणारं सगळंच खाली असतं. मात्र गेनची पायरी स्वतःची सळसळही वाढवते आणि तिला कापायला पुढे कुणी नसतं. गाणं थांबवलं, नॉब शून्यावर आणला, तरी संवेदनशील इअरफोनमध्ये बारीक सळसळ उरते ती यामुळे. खटका लोवर टाकला की ती लगेच कमी होते.

दुसऱ्या रचनेत गेन आधी, नॉब नंतर. 2011 साली एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या अनामिक डिझायनरने सर्वांसाठी खुला केलेला ओ2 हा अ‍ॅम्प या रचनेचा नमुना. नॉब नंतर असल्याने तो गेनच्या पायरीची सळसळही कापतो, त्यामुळे हळू आवाजात हा अ‍ॅम्प फार शांत राहतो. पण त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. ओ2 मध्ये नेहमीचे गेन 2.5 आणि 6.5 पट, आणि भिंतीच्या विजेवर तो साधारण 7 व्होल्टपर्यंत स्वच्छ चालतो. सात भागिले अडीच म्हणजे 2.8. तेव्हा लो गेनवर 2 व्होल्टचा डॅक आरामात बसतो. सात भागिले साडेसहा म्हणजे जेमतेम 1.08. तोच डॅक हायवर लावला तर पहिली पायरी 13 व्होल्ट काढायला बघते, ते तिला जमत नाही आणि लाटेचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. नॉब कितीही खाली आणा, फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटलेला ऐकू येतो. कारण नुकसान नॉबच्या आधीच झालेलं आहे.

आपला अ‍ॅम्प कोणत्या जातीचा हे घरीच कळू शकतं. सोर्स पूर्ण पातळीवर ठेवा, जोरकस रेकॉर्डिंग लावा, गेन हायवर टाका आणि नॉब अगदी खाली आणून मग हेडफोन कानाला लावा. हळू आवाजातही ढोल-झांजांचे ठोके खरखरीत येत असतील आणि गेन लोवर टाकताच निवळत असतील, तर गेन आधी आहे. काहीच फरक पडला नाही तर नॉब आधी असेल किंवा तुमचा सोर्स मर्यादेच्या आत असेल. दोन्ही शक्यता सुखाच्याच.

सोर्सचे आकडे वाचतानाही एक चकवा असतो. घरगुती उपकरणांची लाइन पातळी उणे 10 डीबीव्ही (व्होल्ट डेसिबलमध्ये सांगायचं एक माप), म्हणजे 0.316 व्होल्ट. स्टुडिओच्या उपकरणांची अधिक 4 डीबीयू (तसंच दुसरं माप), म्हणजे 1.23 व्होल्ट. सीडी प्लेयरचे 2 व्होल्ट. हे तीन आकडे शेजारी मांडले की वाटतं, सीडी प्लेयर स्टुडिओच्या इंटरफेसपेक्षा (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या उपकरणापेक्षा) जोरकस आहे. तसं नाही. 2 व्होल्ट ही डिजिटल फाइलच्या कमाल पातळीची मोजणी आहे, त्याच्या वर काही नाही. 1.23 व्होल्ट ही सरासरी कामाची पातळी, आणि तिच्या वर भरपूर जागा राखलेली असते. अधिक 20 डीबीयूपर्यंत जाणारा इंटरफेस 7.75 व्होल्ट देतो. तो ओ2 सारख्या अ‍ॅम्पला लो गेनवरही गुदमरवेल. जुळवाजुळव करायची ती दोन्हीकडच्या कमाल आकड्यांची.

बॅलन्स्ड आउटपुटवाले (एकच सिग्नल सुलट आणि उलट अशा दोन तारांतून पाठवणारे) डॅक बहुतेकदा 4 व्होल्ट देतात, म्हणजे सरळ दुप्पट, 6 डेसिबल जास्त. डॅक तोच असूनही बॅलन्स्ड वायरवर ‘जास्त जीव आहे’ असं वाटण्यात या 6 डेसिबलचा वाटा मोठा आहे.

जाता जाता इम्पिडन्सबद्दल. सोर्स आणि अ‍ॅम्पचा इम्पिडन्स सारखा असावा असं अनेकांना वाटतं. जुन्या 600 ओहमच्या टेलिफोन लाइनींच्या काळातली ती गोष्ट. इथे सोर्सचा आकडा लहान आणि अ‍ॅम्पच्या इनपुटचा बराच मोठा असावा: इकडे 100 ओहम आणि तिकडे 10 हजार असले तर काम झालं.

सोर्सवर लिहिलेलं खरं आहे का, हे बघायला साधा मल्टिमीटर पुरतो. 50 किंवा 100 हर्ट्झचा, पूर्ण डिजिटल पातळीचा शुद्ध सूर फाइलमधून वाजवा. 1,000 हर्ट्झ घेऊ नका, स्वस्त मीटर तिथे चुकीचं वाचू शकतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवा. आरसीए वायरचं एक टोक सोर्सला लावा आणि मोकळ्या टोकाच्या मधल्या पिनला मीटरची एक काडी, बाहेरच्या कड्याला दुसरी. मधली पिन आणि कडं एकाच काडीने चिकटवू नका. हेडफोन या वेळी कुठेच जोडलेला नसावा. मीटरवर 1.9 ते 2.1 दिसलं तर नेहमीचा डॅक. 0.5 ते 1 दिसलं तर फोन किंवा त्याला लावायचा छोटा डाँगल. हा आकडा लिहून ठेवा, गेनची पट ठरवताना हेडफोनला लागणाऱ्या व्होल्टना त्याने भागायचं आहे.

फोन सोर्स असेल तर त्याचा आवाज पूर्ण किंवा एखाद-दोन पायऱ्या खाली ठेवावा आणि बाकी काम अ‍ॅम्पच्या नॉबवर सोडावं. हेडफोनच्या जॅकमधून अ‍ॅम्पला दिलं म्हणजे ‘दोनदा अ‍ॅम्प’ होऊन सगळं बिघडतं ही भीती वाढवून सांगितलेली आहे. जॅक बरा असेल तर तो लाइन आउटचं, म्हणजे पुढच्या उपकरणाला सिग्नल देण्याचं, काम नीट करतो.

सोर्स पूर्ण ठेवायच्या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो संवेदनशील इअरफोनचा. 16 ओहम, 1 मिलिवॅटला 115 डेसिबल अशा इअरफोनला 110 डेसिबलसाठी 0.07 व्होल्ट पुरतात. 2 व्होल्टचा डॅक आणि 2.5 पट गेन असेल तर नॉबला 37 डेसिबल कापावे लागतात. रोजच्या ऐकण्याला आणखी वीस-तीस. म्हणजे नॉब सुरुवातीच्या चिमूटभर टप्प्यातच अडकतो. नॉबच्या आत डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन वेगळ्या पट्ट्या एकाच दांडीवर फिरतात, आणि अगदी खालच्या टोकाला त्या एकमेकींशी सर्वांत कमी जुळतात. एका कानात कमी वाजण्याचं कारण तेच. गेन 1 पट करण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी. नसेल तर अशा वेळी सोर्सचा डिजिटल आवाज 15-20 डेसिबल खुशाल उतरवावा. एका बिटला 6 डेसिबल या हिशोबाने 24 बिटच्या साखळीत अडीच ते साडेतीन बिट जातात, ते कानाला कळत नाहीत. डॅकची स्वतःची सळसळ मात्र तेवढीच राहते, म्हणून शांत डॅकवर हे छान चालतं. सळसळणाऱ्या डॅकवर त्याऐवजी डॅक आणि अ‍ॅम्पच्या मध्ये रेझिस्टरचा छोटा अ‍ॅटेन्युएटर घालावा. तो सिग्नल आणि सळसळ दोन्ही सारखीच कापतो, आणि नॉब मधल्या पट्ट्यात येतो.