फाट्यावरचे एकोणीस सेकंद

ऊस गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या वेळी महामार्गावरच्या एखाद्या फाट्यावर दहा मिनिटं उभं राहून बघा. गावाच्या बाजूनं उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो आणि महामार्गाच्या तोंडाशी थांबतो. ड्रायव्हर सीटवरून अर्धवट उठून उजवीकडे बघतो. येणाऱ्या दिव्यांची रांग जरा तुटली की तो क्लच सोडतो, आणि सगळं धूड हळूहळू डांबरावर चढतं.

आता थोडा हिशोब करू. ट्रॅक्टरच्या नाकापासून मागच्या ट्रॉलीच्या शेवटापर्यंत धरा १८ मीटर. चौपदरी रस्ता म्हणजे इकडचे सात मीटर, तिकडचे सात मीटर आणि मधला दुभाजक, मिळून साधारण २० मीटर. म्हणजे शेवटचं चाक पलीकडे जाईपर्यंत ट्रॅक्टरला ३८ मीटर कापावे लागतात. भरल्या ट्रॉल्यांसह उभ्या जागेवरून निघालेला ट्रॅक्टर सेकंदाला दोन मीटर गेला तरी पुष्कळ. एकूण १९ सेकंद झाले. तेवढ्या वेळात ताशी १०० किलोमीटरनं येणारी कार अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर कापते. आणि चौपदरी महामार्गावर कारला ताशी १०० ही कायद्यानं दिलेली मर्यादा आहे. म्हणजे कारवाला नियमात आहे आणि ट्रॅक्टरवालाही. दोघांचंही काही चुकलेलं नाही आणि तरीही दोघांचा जीव धोक्यात आहे.

हे असं का होतं, ते समजून घ्यायचं तर आधी रस्त्यांची जात समजून घ्यायला हवी.

रस्ता दोन कामं करतो. एक म्हणजे नेणं: लांबच्या गावाहून लांबच्या गावाला, विनाअडथळा, वेगानं. दुसरं म्हणजे पोचवणं: घराच्या दाराशी, शेताच्या बांधाशी, शाळेच्या फाटकाशी. ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध जातात. दर शंभर पावलांवर कुणाला तरी आत वळायचं असेल तर मागून येणाऱ्याला वेग घेता येत नाही. आणि सगळे वेगात जात असतील तर कुणाला आत वळता येत नाही. महामार्ग अभियांत्रिकीतलं रस्त्यांचं वर्गीकरण उभं आहे ते याच एका गोष्टीवर. कोणत्या रस्त्यानं मुख्यतः न्यायचं आणि कोणत्या रस्त्यानं मुख्यतः पोचवायचं, ते आधी ठरवायचं आणि मग तो रस्ता त्या कामाजोगा बांधायचा.

आपल्याकडे हे काम शिस्तीनं झालं ते १९४३ साली, नागपुरात. महायुद्ध चालू असताना देशभरातले मुख्य अभियंते तिथे जमले आणि त्यांनी पुढच्या वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा केला. त्याला आजही ‘नागपूर योजना’ म्हणतात. तिची पार्श्वभूमी आणखी जुनी आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी एक समिती नेमली गेली. हे तेच जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते हा साऱ्या देशाचा प्रश्न आहे, तो एकट्या प्रांतांना आणि जिल्हा बोर्डांना झेपणारा नाही, असं त्यांच्या समितीनं सांगितलं आणि पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर लावून तो पैसा रस्त्यांना द्यायला सुचवलं. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आणि १९३४ साली ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. आज कोणत्याही रस्त्याची रुंदी, वळण, उतार ठरवताना इंजिनिअर जे पुस्तक उघडतो ते याच संस्थेचं असतं.

नागपूर योजनेनं रस्त्यांचे पाच वर्ग केले: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. शेतीच्या चांगल्या मुलखातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब राहू नये, हे उद्दिष्ट होतं. दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता, हे लक्ष्य. गाव नकाशाच्या कोपऱ्यात विसरलं जाऊ नये म्हणून मोजमापाला बसलेल्या त्या अभियंत्यांबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

महाराष्ट्रात बांधकाम खात्याच्या कागदांवर आणि गावाबाहेरच्या फलकांवर हीच नावं लघुरूपात दिसतात. ‘रामा’ म्हणजे राज्य मार्ग, ‘प्रजिमा’ म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, ‘इजिमा’ म्हणजे इतर जिल्हा मार्ग, ‘ग्रामा’ म्हणजे ग्रामीण मार्ग. आपल्याकडे ‘प्ररामा’ म्हणजे प्रमुख राज्य मार्ग असा एक जादा वर्गही आहे. इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ही ढोबळ वाटणी. त्यामुळे गावातल्या खड्ड्याची तक्रार कुठे करायची, ते रस्त्याच्या वर्गावर ठरतं. ग्रामाच्याही खाली पाणंद आणि शिवरस्ता असतात. आपला ऊस निघतो तो तिथूनच. मैलाचा दगडही वर्ग सांगतो: डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता.

वर्ग बदलला की रस्त्याचं सगळं अंग बदलतं. सपाट मुलखातला राष्ट्रीय किंवा राज्य महामार्ग ताशी १०० किलोमीटर वेग मनात धरून आखायचा, प्रजिमा ८०, इजिमा ६५ आणि ग्रामा ५०. मोकळ्या मुलखात महामार्गासाठी ४५ मीटर रुंदीची पट्टी संपादन करायची, ग्रामासाठी १२ मीटर पुरते. शिवाय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा असते. पहिलीच्या आत बांधायचंच नाही आणि दोन्हींच्या मध्ये बांधायचं तर बंधनं पाळून. हा नियम पाळला असता तर आपल्या निम्म्या फाट्यांचं रूप वेगळं दिसलं असतं.

देशात सगळे मिळून सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यात राष्ट्रीय महामार्ग जेमतेम दोन टक्के, पण वाहतुकीचा सुमारे ४० टक्के भार त्यांच्यावर. त्यांच्या आकड्यांनाही २०१० पासून रीत आली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला सम आकडा, तो पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला विषम, तो उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातो. म्हणून नागपूरवरून जाणारा ४४ आणि पार पश्चिमेला कोकणातून उतरणारा ६६. धुळे-जळगाव-अकोल्यावरून नागपूरला जाणारा ५३ आणि त्याच्या खाली पुणे-सोलापूर-हैदराबाद ६५. तीन आकडी क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांत मूळ महामार्ग दडलेला असतो. रत्नागिरीहून कोल्हापूर-सोलापूरकडे येणारा १६६ हा ६६ चीच फांदी आहे.

इथवर झाली रस्त्याची गोष्ट. रस्त्यावर काय चालतं, त्याचं शास्त्र वेगळं. ते म्हणजे वाहतूक अभियांत्रिकी, आणि तिची सुरुवात मोजण्यापासून होते.

इंजिनिअरिंगला असताना आम्हा चौघांना एका फाट्यावर वाहनं मोजायला बसवलं होतं. बाभळीखाली दोन खुर्च्या, मांडीवर पुठ्ठा, त्यावर छापील तक्ता. दर वाहनामागे एक उभी रेघ, पाचव्याला तिरकी. पहिल्या तासाला वाटलं, यात काय शिकायचं? संध्याकाळी बेरजा करताना सर म्हणाले, “मोटरसायकल आणि बैलगाडी दोन्ही एकच धरल्या का रे?” तोवर आम्ही तसंच धरलं होतं.

कारण वाहनांची संख्या म्हणजे रस्त्यावरचा भार नव्हे. एक बैलगाडी मागे केवढी रांग लावते, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून प्रत्येक वाहन ‘किती कारइतकं’ आहे, ते धरतात. खेड्याकडच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसनं दिलेले आकडे असे: मोटरसायकल अर्धी, कार आणि रिक्षा एक, बस किंवा ट्रक तीन, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार आणि मोठी बैलगाडी आठ. बैलगाडी ट्रकपेक्षा लहान असून तिचा आकडा मोठा, कारण ती हळू चालते आणि जागा अडवून ठेवते. ही मोजणी वर्षातून दोनदा, सलग सात दिवस करावी असंही सांगितलंय. एकदा सुगीच्या काळात आणि एकदा एरवी. आठ दिवसांत बाजाराचा वार येतो, रविवार येतो. फक्त एका मंगळवारी मोजून रस्ता रुंद करायचा की नाही ते ठरवलं, तर निर्णय चुकणारच.

मोजणीतून निघणारी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकपदरी रस्ता पावणेचार मीटरचा असतो आणि दुपदरी सात मीटरचा. रुंदी दुप्पटही होत नाही. पण सपाट मुलखात एकपदरी रस्त्यावर दिवसाला कारच्या हिशोबात २,००० वाहनं धरतात आणि दुपदरीवर १५,०००. साडेसात पट! कारण एकपदरी रस्त्यावर समोरून कुणी आलं की दोघांनाही साइडपट्टीवर उतरावं लागतं. साइडपट्टी खचलेली असली तर एकाला पार थांबावं लागतं. प्रत्येक भेटीला दोघांचा वेळ जातो. दुसरा पदर आला की हे सगळं थांबतं. गावाकडचा एखादा रस्ता सात मीटर करायला खर्च किती, असं कुणी विचारलं तर हा साडेसात पटींचा आकडा शेजारी ठेवून बघावं.

आता परत फाट्यावर येऊ. समोर काही दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत लागणाऱ्या अंतराचे दोन भाग असतात. डोळ्यांनी पाहून, मेंदूनं ओळखून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगात पळतच असते. मग ब्रेक लागल्यावर चाकं आणि डांबर यांच्या घर्षणानं ती थांबते. वेग दुप्पट झाला की पहिला भाग दुप्पट होतो, पण दुसरा चौपट. म्हणून ताशी ५० ला थांबायला ६० मीटर लागतात आणि ताशी १०० ला १८०. वळण, चढ आणि झाडं अशी आखायची की ड्रायव्हरला कायम निदान इतकं पुढचं दिसत राहील, हा रस्ते आखणीचा पहिला नियम. दिवसा तो पाळता येतो. रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून तुम्ही डिपर मारता आणि त्या उजेडात जेमतेम चाळीस-पन्नास मीटर दिसतं. आडव्या उभ्या असलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीचा ऊस तुम्हाला दिसतो तेव्हा थांबायची जागा संपलेली असते. म्हणून ट्रॉलीला लावलेली ती चमकणारी रिफ्लेक्टरची पट्टी ही शोभेची गोष्ट नाही. लांबून दिव्याचा उजेड पडला की ती तो परत पाठवते आणि ड्रायव्हरला हवे असलेले सेकंद मिळवून देते. ट्रॉलीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना ती लावलीच पाहिजे.

ऊस रस्त्याच्या वळणापर्यंतही पोचला आहे. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्त्याची बाहेरची कड उचलतात. वेगाच्या पूर्ण हिशोबानं उचलायची तर ती बरीच उचलावी लागेल. पण त्याच वळणावरून उंच भरलेली ट्रॉली अगदी हळू जाते आणि जादा उचललेल्या रस्त्यावर ती आतल्या बाजूला कलंडू शकते. म्हणून आपल्याकडे वेगाच्या ७५ टक्केच हिशोबात धरतात आणि सपाट मुलखात उतार सात टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. सात मीटर रुंद रस्त्याला तो हातभर उचल देतो. बाकीचा भार टायरच्या पकडीवर.

दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे वाहनांच्या वाटा किती ठिकाणी एकमेकींना भिडतात, तेही मोजता येतं. साध्या चौकात असे ३२ बिंदू येतात. तीन रस्त्यांच्या जोडावर, ज्याला कोकणात तिठा म्हणतात, फक्त नऊ. म्हणून एक चौक मोडून थोड्या अंतरानं दोन तिठे केले तर बिंदू अठरावर येतात. आणि ओलांडणाऱ्यांना पुलाखालून नेलं, वळणाऱ्यांना सेवा रस्त्यावर घेतलं, तर सगळ्यात घातक, आडवे छेदणारे बिंदू मुख्य रस्त्यावरून नाहीसेच होतात. २००२ साली पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच विचाराचं टोक आहे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या त्या रस्त्याला फक्त न्यायचं काम दिलंय. तिथे फाटा नाही, दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही. पोचवायचं काम जुन्या महामार्गाकडे राहिलं.

जिथे ही वाटणी झाली नाही तिथे एक चक्र फिरत राहतं. गावातली गर्दी टाळायला बाह्यवळण काढतात. बाह्यवळणावर आधी चहाची टपरी येते, मग पंक्चरवाला, मग ढाबा, पेट्रोल पंप, प्लॉटिंगचे फलक. दहा-पंधरा वर्षांत नेणारा रस्ता पोचवणारा होऊन जातो आणि नव्या बाह्यवळणाची मागणी सुरू होते.

आम्ही जिथे वाहनं मोजली त्या फाट्यावर आता उड्डाणपूल आहे. ऊस पुलाखालून जातो, एसटी सेवा रस्त्यावर थांबते. मागच्या हिवाळ्यात मी तिथे उतरलो. पुलापासून पुढे काही अंतरावर महामार्गाच्या पलीकडे नवी शाळा झालीय. पुलाखालून वळसा घालायचा तर मुलांना दीड किलोमीटर जादा चालावं लागतं. दुभाजकावरच्या कण्हेरीत एक माणूसभर फट पडली होती आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना पायवाट गेली होती, रोजच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. वाहनं मोजतो तशी ती पावलंही कुणीतरी सलग सात दिवस मोजायला हवीत. पादचारी पूल नेमका कुठे हवा, ते त्या पायवाटेनं आधीच दाखवून ठेवलंय.