कंपायलरची कुरकुर: मागची गोष्ट

चवथीच्या सुट्टीत फोंड्यात एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर सी भाषेतली एक जुनी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करत बसलो होतो. बिल्डची ‘मेक’ ही आज्ञा दिल्यावर कंपायलरच्या, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या, जांभळ्या अक्षरांतल्या वॉर्निंग भराभर वर सरकू लागल्या. घरून माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या) सामानासाठी हाका चालू. तो म्हणाला, “सर, फाइल तयार झाली ना? मग ही कटकट कशाला वाचायची?”

ही कटकट मुळात कंपायलरची नव्हतीच. बेल लॅब्जमधला सीचा कंपायलर लहान आणि झटपट चालणारा हवा होता, म्हणून संशय घेण्याचं काम स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास ‘लिंट’ नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे दिलं. वेगळा चालवायचा, म्हणजे विसरायलाही सोपा. १९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी हा कंपायलर आला आणि पुढे असली तपासणी त्याच्याच पोटात शिरत गेली. त्याच्या ‘डब्ल्यू-ऑल’ या पर्यायाच्या नावात ‘ऑल’ असलं, तरी त्यात सगळ्या वॉर्निंग येत नाहीत, बरं का. नाव सोनुबाई!

यातली खरी वाईट खोड ‘इंप्लिसिट डिक्लरेशन’ची. फंक्शन काय परत करतं ते आधी न सांगता वापरलं, तर ते ‘इंट’, म्हणजे साधी पूर्ण संख्या, परत करतं असं जुनी सी खुशाल धरून चाले. ३२ बिटच्या यंत्रांवर इंट आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) एकाच मापाचे, त्यामुळे ते खपून गेलं. ६४ बिटवर पॉइंटर दुप्पट झाला, इंट तेवढाच राहिला, आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जाऊ लागला. बिल्ड सुरळीत होई. प्रोग्राम मग भलत्याच ओळीवर आपटे. सीच्या १९९९ च्या मानकाने (‘सी९९’ने) ही सवलत काढली, पण जीसीसी फार तर वॉर्निंगवर भागवत राहिला. त्याची बिल्ड अडवणारी एरर व्हायला जीसीसीची २०२४ ची चौदावी आवृत्ती यावी लागली.

सरसकट कडकपणाही झेपत नाही. २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, प्रत्येक बिल्डमध्ये वॉर्निंगला एरर ठरवलं. काही दिवसांतच ते मुख्यतः चाचणीच्या बिल्डपुरतं ठेवावं लागलं. नवा कंपायलर नव्या शंका काढतो, आणि दुसऱ्याचा सोर्स तुमच्याकडे अडतो.

त्या लॅपटॉपवर जीसीसी अकरावा होता. गर्दीत एकच ओळ कामाची: मजकुराची प्रत करून तिचा पत्ता देणाऱ्या ‘स्ट्रडुप’ फंक्शनचं इंप्लिसिट डिक्लरेशन. मेकफाइलमध्ये (‘मेक’च्या सूचनांच्या फाइलमध्ये) ‘सी९९’ होतं, आणि त्या कडक मोडमध्ये हेडर, म्हणजे फंक्शनं जाहीर करणारी फाइल, ‘स्ट्रडुप’ दाखवतच नाही. तिथे त्याचंच सैल रूप ‘जीएनयू९९’ केलं, पुन्हा ‘मेक’ दिलं. उरलेल्या वॉर्निंग न वापरलेल्या व्हेरिएबलच्या होत्या, त्या तशाच ठेवून तो माटोळीकडे पळाला.