पक्षत्याग, सदसद्विवेकाच्या कारणावरून (नागपूर)

आपण होऊन पत्करलेल्या पक्षाचे धोरण, ठराव वा नेतृत्व सदसद्विवेकबुद्धीला पटेनासे झाल्यामुळे त्या पक्षातून बाहेर पडणे. उमेदवारी न मिळणे, मंत्रिपद हुकणे, गटातटाचे राजकारण यांतून होणाऱ्या पक्षांतरापासून हा प्रकार निराळा मानतात. प्रत्यक्षात दोन्ही कारणे एकाच राजीनामापत्रात सुखाने नांदतात, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाचा निवाडा वेगळा करावा लागतो. नागपूर ही १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडची (नंतर मध्य प्रदेशाची) राजधानी होती. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय येथे आहे, रिपब्लिकन पक्षाची स्थापना येथे झाली आणि महाराष्ट्र विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते. त्यामुळे या शहराशी निगडित पक्षत्यागांची संख्या मोठी आहे. ते करणाऱ्यांपैकी अनेक जण नागपूरकर नव्हते.

संज्ञा : ‘पक्षांतर’ हा शब्द देशांतर, स्थलांतर, धर्मांतर यांच्या धर्तीवर बनलेला आहे. ‘अन्यो देशो देशान्तरम्’ या विग्रहाप्रमाणे येथील ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’. म्हणून पक्षांतरात दुसरा पक्ष गृहीतच धरलेला असतो. पक्ष सोडून घरी बसणारा, किंवा अपक्ष राहणारा, या शब्दात काटेकोरपणे बसत नाही. या कारणाने प्रस्तुत नोंदीत ‘पक्षत्याग’ ही संज्ञा वापरली आहे. ‘पक्षांतर’ हा शब्द राजकीय अर्थाने बहुधा १९६७ नंतर वृत्तपत्रांतून रुळला. त्या वर्षीच्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत आमदारांची ये-जा सुरू झाली आणि हरियाणातील गयालाल यांच्यावरून ‘आयाराम-गयाराम’ ही जोडी मराठीतही आली.

‘सदसद्विवेक’ या पदाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. सत् आणि असत् यांचा विवेक हा अर्थ संस्कृत परंपरेत जुना असला, तरी आज ज्या अर्थाने ‘सदसद्विवेकबुद्धीला स्मरून’ असे आपण म्हणतो, त्यावर पाश्चात्त्य नीतिशास्त्राची छाया आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) या कल्पनेची दीर्घ चिकित्सा केली आहे. मनात बसलेली कोणी स्वतंत्र देवता बरेवाईट सांगते हे मत त्यांनी स्वीकारले नाही. निर्णय करणारी बुद्धी एकच असून ती जशी संस्कारित असेल तसा तिचा कौल, असे त्यांचे प्रतिपादन. पक्षत्यागाच्या चर्चेत हा भेद किरकोळ नाही. अंतरीचा आवाज स्वयंप्रमाण मानला, तर कोणत्याही राजीनाम्याची चिकित्साच संपते. टिळकांची बाजू घेतली, तर ज्याने आवाज ऐकला त्याचा पूर्वेतिहास तपासणे रास्त ठरते. नोंदलेखकाला दुसरा मार्ग अधिक उपयोगी वाटतो. देशी परंपरेतील सर्वांत नेमके वचन मात्र तुकोबांचे आहे : ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥’. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध व्ही. व्ही. गिरी यांच्यासाठी सदसद्विवेकाने मतदान करण्याची हाक दिली गेली. तेव्हापासून ‘अंतरात्म्याचा आवाज’ हा शब्दप्रयोग थट्टेच्या सुरात जास्त येतो.

बोलीत पक्षाला ‘रामराम ठोकला’, ‘सोडचिठ्ठी दिली’, शिवसेनेच्या बाबतीत ‘जय महाराष्ट्र केला’ असे म्हणतात. पहिल्यात व तिसऱ्यात निरोपाचा नमस्कार आहे, दुसऱ्यात काडीमोडाचा कागद. कारण तत्त्वाचे होते की तिकिटाचे, हे यांपैकी एकाही प्रयोगातून कळत नाही.

१९२० चे अधिवेशन : डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्ष सी. विजयराघवाचारियर व स्वागताध्यक्ष जमनालाल बजाज होते. प्रतिनिधींची संख्या साडेचौदा हजारांच्या घरात गेली. शहरातील काँग्रेसनगर या वस्तीच्या नावाचा संबंध याच अधिवेशनाशी जोडला जातो. असहकाराच्या कार्यक्रमावर येथे शिक्कामोर्तब झाले आणि काँग्रेसचे ध्येयवाक्यही बदलले. साम्राज्यांतर्गत स्वराज्य व सनदशीर मार्ग यांच्या जागी ‘शांततामय व न्याय्य मार्गांनी स्वराज्य’ हे शब्द आले. या बदलाला महंमद अली जीना यांनी व्यासपीठावरून उघड विरोध केला. ध्येय मोघम ठेवून साम्राज्याशी संबंध तोडण्याची वाट मोकळी करायची आणि सनदशीर हा शब्दच काढून टाकायचा, या दोन्ही गोष्टींना त्यांची हरकत होती.

त्या भाषणातील एक प्रसंग जवळजवळ प्रत्येक चरित्रात आहे. जीना ‘मिस्टर गांधी’ म्हणाले. मंडपातून ‘महात्मा म्हणा’ असा ओरडा झाला. पुढे काय घडले याविषयी वृत्तांतांत एकवाक्यता नाही. काहींच्या मते ते आपल्या संबोधनावर अडून राहिले. काहींच्या मते गांधींपुरते त्यांनी नमते घेतले, पण खिलाफत चळवळीचे नेते महंमद अली यांना ‘मौलाना’ म्हणायचे नाकारले. दुसरा पाठ अधिक ग्राह्य दिसतो, कारण हट्टाची जागा त्यात अधिक नेमकी आहे आणि पुढच्या काळातील दंतकथेला तो फारसा सोयीचा नाही. संबोधनाच्या या वादामुळेच जीनांनी काँग्रेस सोडली, असे लोकप्रिय लेखनात म्हटले जाते, ते टिकणारे नाही. याच वर्षीच्या ऑक्टोबरात, गांधींनी होमरूल लीगची घटना व नाव बदलून ‘स्वराज्य सभा’ केल्यावर, जीना, मु. रा. जयकर आदींनी त्या संस्थेचे राजीनामे दिले होते. मतभेदाचे मूळ मार्गात होते आणि ते नागपुरापूर्वीच उघडे पडले होते.

येथे एक तांत्रिक मुद्दा उरतो. त्या काळी एकाच व्यक्तीने काँग्रेस व मुस्लिम लीग या दोन्हींचे सभासद असणे गैर मानले जात नसे. लीगचे अधिवेशनही त्याच आठवड्यात नागपुरातच भरले होते. जीनांनी काँग्रेस सोडली तेव्हा ते कोठे ‘गेले’ नाहीत. लीगमध्ये ते आधीपासूनच होते. म्हणून या घटनेला पक्षांतर म्हणणे चूक आहे. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे हेही असहकाराला विरोध करून त्याच सुमारास काँग्रेसपासून दूर झाले. मराठी लेखनात त्यांना जीनांच्या मानाने फारच कमी जागा मिळाली आहे.

तांबे प्रकरण : १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाला (कायदेमंडळात शिरून सरकारला विरोध करू पाहणाऱ्या काँग्रेसजनांचा पक्ष) बहुमत मिळाले. सरकारी पदे घ्यायची नाहीत ही त्याची शिस्त होती. ऑक्टोबर १९२५ मध्ये पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी कायदेमंडळाचे अध्यक्षपद सोडून गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सभासदत्व स्वीकारले. मोतीलाल नेहरू संतापले. न. चिं. केळकर, जयकर आणि नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे यांनी मात्र उलट प्रश्न विचारला : विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष होऊ शकतात, तर तांब्यांनी काय पाप केले? त्यातून फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास प्रतियोगी सहकार पक्ष (सरकार देईल तशा प्रतिसादाने सहकार्य करावे, या मताचा) उभा राहिला. तांब्यांच्या कृतीला विवेकाचा आधार होता असे त्यांच्या समर्थकांनीही ठामपणे म्हटलेले नाही. त्यांच्यामुळे बाहेर पडलेल्यांनी मात्र तत्त्वाचा मुद्दा रीतसर मांडला. १९२९ मध्ये तांबे काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर होते.

खरे प्रकरण : डॉ. नारायण भास्कर खरे १९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे मुख्यमंत्री (तत्कालीन पद पंतप्रधान) झाले. मंत्रिमंडळात मराठी व हिंदी भाषक भागांचे ताण होते. पचमढी येथे मे १९३८ मध्ये झालेला समझोता टिकला नाही. २० जुलै रोजी खरे यांनी राजीनामा दिला. रा. म. देशमुख व गोळे यांनीही दिला. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व मेहता यांनी पक्षाचा आदेश आल्याशिवाय राजीनामा देण्याचे नाकारले. तेव्हा गव्हर्नर वायली यांनी त्यांना बडतर्फ केले, आणि दुसऱ्या दिवशी खरे यांनी नव्या मंत्रिमंडळासह शपथ घेतली. त्यात अग्निभोज या दलित सभासदाचा समावेश होता. वर्ध्याला काँग्रेस श्रेष्ठींपुढे उभे राहावे लागल्यावर दोन-तीन दिवसांतच हेही मंत्रिमंडळ गेले. कार्यकारिणीने खरे यांना दोषी ठरवले आणि शुक्ल नेते निवडले गेले.

यानंतरचा प्रसंग सेवाग्रामचा. चूक कबूल करणाऱ्या निवेदनाचा मसुदा पुढे आला. गांधींनी आपल्या हाताने त्यात दुरुस्त्या केल्या आणि सहीसाठी कागद खरे यांच्याकडे सरकवला, असे खरे यांच्या बाजूने सांगितले जाते. खरे यांनी सही केली नाही. पुढे त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. काँग्रेसी लेखनात हा बेशिस्तीचा नमुना आहे. खरे यांच्या स्वतःच्या मांडणीत प्रांतिक मुख्यमंत्र्याचा अधिकार श्रेष्ठींनी हिरावला, तो प्रतिकाराचा क्षण आहे. गव्हर्नरकरवी सहकाऱ्यांना बडतर्फ करवून घेणे आणि विवेकाचा दावा करणे यांचा मेळ घालणे अवघड आहे. सही नाकारण्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. त्या कागदावर नाव लिहिले असते तर पक्षात परतीची वाट मोकळी होती. म्हणून काटेकोरपणे ‘काढले गेले’ असले, तरी हे प्रकरण या नोंदीत घेतले आहे. खरे १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, नंतर अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले आणि १९४९ मध्ये हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले.

बापूजी अणे यांचा प्रवास याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. जातीय निवाड्यावरील (धर्म व जातींनुसार स्वतंत्र मतदारसंघ देणारा ब्रिटिश सरकारचा निर्णय) काँग्रेसची तटस्थता न पटल्याने १९३४ मध्ये ते मदनमोहन मालवीयांबरोबर वेगळ्या काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्षात उभे राहिले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी व्हाइसरॉयच्या मंडळाचा राजीनामा दिला. १९५९ च्या पोटनिवडणुकीत ते वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर काँग्रेसविरुद्ध नागपूरचे खासदार झाले. १९६२ मध्ये ते अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले.

स्वातंत्र्योत्तर काळ : रिपब्लिकन पक्षाची स्थापना ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात झाली. तिच्या आधी १९४२ मध्ये येथेच, मोहन पार्कमध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्मले होते. रिपब्लिकन पक्षातील पहिली फूट १९५० च्या दशकाच्या अखेरीचीच. बी. सी. कांबळे यांच्या गटाला ‘दुरुस्त’ आणि दादासाहेब गायकवाडांच्या गटाला ‘नादुरुस्त’ म्हटले जाई. दोन्ही बाजू बाबासाहेबांच्या विचाराचा दाखला देत असल्याने, पक्ष कोणी सोडला आणि कोण पक्षात राहिले, हाच येथे वादाचा विषय आहे.

दुहेरी सदस्यत्वाचा वाद महाल भागातील संघकार्यालयाभोवती फिरत राहिला, निर्णय मात्र दिल्लीत झाले. १९७७ मध्ये जनसंघ जनता पक्षात विलीन झाला. जनता पक्षाचे सभासद संघाचेही असू शकतात का, हा प्रश्न समाजवादी घटकांनी लावून धरला. संघात वर्गणी भरून, अर्ज लिहून घ्यायचे सभासदत्व नाही, मग ‘दुहेरी’ कसले, हा जनसंघीयांचा युक्तिवाद होता. तो शब्दशः बरोबर होता. मात्र आक्षेप निष्ठेविषयी असल्याने त्याने कोणाचे समाधान झाले नाही. एप्रिल १९८० मध्ये पक्षाने मनाई केली आणि जनसंघीय गटाने बाहेर पडून ६ एप्रिलला भारतीय जनता पक्ष स्थापला. १९२० मध्ये जीनांना जे सहज शक्य होते, ते साठ वर्षांनी पक्षत्यागाचे कारण ठरले.

डिसेंबर १९९१ च्या नागपूर हिवाळी अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले. शिवसेनेचे ५२ आमदार होते आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे फूट ग्राह्य धरण्यास एकतृतीयांश, म्हणजे किमान १८ जण लागत. तो आकडा कागदावर भरला. नंतर काही जण माघारी गेले. मंडल आयोगाला शिवसेनेचा असलेला विरोध हे भुजबळांनी दिलेले कारण. विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशी यांना मिळाल्याची नाराजी हे इतरांनी लावलेले कारण. इतर मागासवर्गीयांच्या प्रश्नावरील त्यांची पुढील अनेक वर्षांची भूमिका पाहता पहिले कारण केवळ सबब होते असे म्हणवत नाही. दुसरे नव्हतेच, असेही नाही.

कायदा : यशवंतराव चव्हाण समितीपुढे मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या काळातील ४३८ पक्षांतरांची आकडेवारी होती. त्यावर उपाय यायला १९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती व्हावी लागली. तिने घटनेत घातलेल्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, विवेकाला वेगळी खिडकी नाही. ‘स्वेच्छेने सभासदत्व सोडणे’ म्हणजे केवळ लेखी राजीनामा नव्हे, वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने रवी नाईक खटल्यात (१९९४) सांगितले. एकतृतीयांश फुटीची सवलत ९१ व्या दुरुस्तीने (२००३) गेली. याचा परिणाम असा, की आमदार-खासदाराला पक्ष एकट्याने सोडायचा तर जागाही सोडणे हाच सरळ रस्ता राहिला. पक्षत्याग विवेकाचा होता की नाही, याची त्यातल्या त्यात तपासता येणारी खूण म्हणूनही जागेच्या राजीनाम्याकडेच पाहावे लागते.

विदर्भात अशी उदाहरणे आहेत. जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे आणि १९८० मध्ये काँग्रेस (इं)चे नागपूरचे खासदार होते. पुढे त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली. त्यांचे पक्षबदल कायद्याच्या आधीपासूनचे असल्याने ही खूण त्यांना पूर्णपणे लावता येत नाही. भंडारा-गोंदियाचे भाजप खासदार नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावरून जागा सोडली आणि २०१९ मध्ये नागपुरातून काँग्रेसतर्फे लढले. काटोलचे भाजप आमदार आशिष देशमुख यांनी वेगळ्या विदर्भाच्या मुद्द्यावर २ ऑक्टोबर २०१८ रोजी आमदारकीचा राजीनामा दिला. २०१९ मध्ये ते काँग्रेसतर्फे नागपूर दक्षिण-पश्चिममध्ये देवेंद्र फडणवीसांविरुद्ध उभे राहिले. २०२३ मध्ये काँग्रेसने त्यांना काढले. २०२४ मध्ये ते सावनेरमधून भाजपचे आमदार झाले.