धरणे

मागणी मान्य होईपर्यंत किंवा ठरलेल्या मुदतीपर्यंत संबंधिताच्या दारासमोर बसून राहण्याची निषेधाची पद्धत. हे नाम ‘धरणे’ या क्रियापदापासूनच आले असून मुळाशी संस्कृत ‘धृ’ धातू आहे. मराठीत हट्ट धरतात, अबोला धरतात, उपास धरतात, तसेच धरणेही धरतात. मोर्चा चालत येतो. धरणे एक जागा पकडून बसते. हिंदीत ‘धरना देना’ म्हणतात आणि इंग्रजी कोशांतही हा शब्द पोचला.

आज धरणे म्हटले की सरकारी कचेरी डोळ्यांसमोर येते, पण जुने धरणे बहुधा येणे वसूल करण्यासाठी असे. वसुलीचे पाच मार्ग सांगणाऱ्या मनुस्मृतीतील श्लोकात (८.४९) ‘आचरित’ हा एक मार्ग येतो. मनुस्मृतीचा जुना भाष्यकार मेधातिथी याने त्याचा अर्थ जेवण सोडून घराच्या दारात बसणे असा लावला आहे. कल्हणाच्या बाराव्या शतकातील राजतरंगिणीत, म्हणजे काश्मीरच्या राजांच्या इतिहासकाव्यात, राजाविरुद्ध प्रायोपवेशनाला (मरेपर्यंतच्या उपोषणाला) बसणारे ब्राह्मण वारंवार भेटतात.

प्रत्यक्ष धरणे कसे चाले याचे तपशीलवार वर्णन जॉन शोअर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बनारसच्या संदर्भात केले. धरणेकरी ब्राह्मण हातात विष किंवा कट्यार घेऊन दारात बसे. घरातल्याने त्याला ओलांडून जायचा प्रयत्न केला तर जीव देण्याची धमकी असे. तो उपाशी राही आणि रीतीप्रमाणे घरमालकालाही उपाशी राहावे लागे. दोघांच्या पोटात सारखीच आग. आधी कोण नमतो, एवढाच प्रश्न. ब्रह्महत्येचे पाप माथी येण्याची भीती हेच यातले खरे हत्यार होते. ते सर्वांच्या हाती नव्हते, हे विसरून या प्रथेचे कौतुक करता येत नाही.

मराठ्यांच्या फौजांतही धरण्याचा वापर झाला. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतील असा एक प्रसंग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत आहे. काही सरदार खुद्द शिंद्यांविरुद्ध धरणे धरून बसले. शिंद्यांनी ठार मारण्याची धमकी दिली, तेव्हा त्यांच्या म्होरक्याने ‘मारा’ म्हणून सांगितले, पण तो जागचा हलला नाही. छावणीतला बाजार दिवसभर बंद राहिला.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ५०८ मध्ये दैवी कोपाची भीती घालणे हा गुन्हा ठरवला. उदाहरण म्हणून दारात धरणे धरणाऱ्याचेच दिले. म्हणजे कायद्याचा रोख बसण्यापेक्षा शापाच्या धाकावर होता. राज्यघटनेच्या कलम १९ ने पुढे शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. कट्यारीचे धरणे संपले आणि आजचे धरणे याच हक्काच्या आधारावर उभे आहे. अर्थात बळजबरीचा प्रश्न मधल्या काळात सुटलेला नव्हता. १९२१ मध्ये कलकत्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्याच सहाध्यायांची वाट अडवली, तेव्हा गांधीजींनी त्याला रानटीपणाचे पुनरुज्जीवन म्हटले. हा आक्षेप आजही वजनदार वाटतो: दारात बसणे वेगळे आणि दार अडवणे वेगळे.

महाराष्ट्रात धरणे आणि ठिय्या हे शब्द अनेकदा अदलाबदलीने वापरले जातात. तरी ठिय्या बहुतेक वेळा अचानक, थेट साहेबांच्या दालनात दिला जातो. धरण्याला आधी पत्र, पोलिसांची परवानगी आणि तारीख असते. ‘एकदिवसीय’ आणि ‘बेमुदत’ हे त्याचे रूढ प्रकार. मोठ्या शहरांत धरण्याची जागा प्रशासन नेमून देते, मुंबईत आझाद मैदान. तिथून मंत्रालयाचे दार दिसत नाही, आणि धरण्याचा मूळ जोर तिथेच कमी होतो. जिल्ह्याच्या गावी मात्र कलेक्टर कचेरीच्या फाटकापाशी अजून दार समोर असते: सतरंजी, दोन खांबांना बांधलेला बॅनर, पाण्याचा जार, मागण्यांचे निवेदन. संध्याकाळी निवेदन घ्यायला अधिकारी स्वतः खाली येतो, की दोघातिघांना वर बोलावतो, याकडे सतरंजीवरच्या सगळ्यांचे लक्ष असते.